मी, गल्लीच्या रस्त्याचा खोटा क्यूब

थांबा हो, थांबा! दगड समजून पुढे जाऊ नका. मी क्यूब बोलतोय. सिमेंट-काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, सगळ्या बाजूंनी पंधरा सेंटिमीटर, वजन आठ किलो, जन्म जबलपूरच्या गढा भागातला. आणि आधीच सांगून टाकतो, मी खोटा क्यूब आहे. पण गोष्ट अगदी खरी सांगणार आहे.

क्यूब कशाला असतो ते बहुतेकांना ठाऊक नसतं. नगर निगम सिमेंटचा रस्ता करवून घेतं, तेव्हा त्याच मालातले थोडे ठोकळे लोखंडी साच्यात भरून ठेवतात. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात ठेवायचे आणि मग प्रयोगशाळेत मशिनीखाली दाबून फोडायचे. ठोकळ्याने ठरलेला जोर सोसला तर रस्ता पक्का, ठेकेदाराचं बिल मंजूर. आयुष्यात एकच परीक्षा आणि तिच्यातच शेवट! पण ऐट केवढी! अख्ख्या रस्त्याच्या वतीने आम्ही परीक्षेला बसतो.

आमचा रस्ता म्हणजे दीडशे मीटरची एक गल्ली. ऑटोवाले तिच्या तोंडाशीच सवारी उतरवून द्यायचे. अकरा वर्षं गल्लीवाले पक्क्या रस्त्यासाठी अर्ज करत होते. फॅक्टरीतून रिटायर झालेले बळीरामजी दरवर्षी सगळ्यांच्या सह्या घेऊन पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, घरी जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. मागच्या वर्षी निगमच्या बजेटात, पान सत्तेचाळीसवर, गल्लीचं नाव छापून आलं. बळीरामजींनी त्या पानाच्या झेरॉक्स काढून घरोघरी वाटल्या. एक लॅमिनेट करून स्वतःच्या दारावर लावली. अकरा वर्षांनी नाव आलं म्हटल्यावर कोणीही हुरळून जाईलच की.

मग निविदा निघाली. सगळ्यांत कमी दर लिहील त्याला काम, असा नियम. शैलेंद्र भैया नावाच्या ठेकेदाराने ठरलेल्या दरापेक्षा अठ्ठावीस टक्के कमी लिहिले आणि काम नेलं. निगमचे पैसे वाचले म्हणून सगळे खूश. हे अठ्ठावीस टक्के तो कुठून काढणार, असं कोणी विचारलं नाही. तो ते सिमेंटातून काढणार होता.

त्याचा मिस्त्री होता डोमाजी. तीस वर्षं याच कामात, हात असा बसलेला की डोळे झाकून उतार काढावा. आणि गंमत बघा, डोमाजी राहायचे त्याच गल्लीत! रस्ता त्यांच्याच दारावरून जायचा होता. पण मजुरी शैलेंद्र भैयाकडून यायची, वर्षाचे बारा महिने. त्यामुळे भैया म्हणेल तेवढीच पोती ते मिक्सरात ओतायचे. जिथे सात पोती सिमेंट लागावं तिथे साडेचार पडत होतं.

फेब्रुवारीच्या एका सकाळी वॉर्डाची नवी इंजिनियर आली. नाव एकता, वय सव्वीस-सत्तावीस, पायात बूट, डोक्यावर टोपी. घरी मराठी, पण बोलताना अर्धी हिंदीच येणारी.

"जयभीम काका. क्यूब भरायचे आहेत. पण अलगसे बनवलेला माल नको हं. चालू मिक्सरमधलाच पाहिजे."

"भरतो ना दीदी," डोमाजी म्हणाले.

तिने समोर उभं राहून तीन साचे भरून घेतले. तीन थरांत माल, प्रत्येक थराला सळईचे ठोके. ओल्या मालावर खिळ्याने तारीख आणि गल्लीचा नंबर कोरला. हे माझे तीन थोरले भाऊ. मग तिला दुसऱ्या साइटवरून फोन आला आणि ती गेली.

स्कूटीचा आवाज विरतो न विरतो तोच शैलेंद्र भैया खुर्चीतून उठला.

"डोमाजी, तीन और भर दे. पूरा सीमेंट डाल के, बढ़िया वाले. वही तारीख, वही नंबर. और मैडम वाले नाली में फेंक देना."

आणि मी जन्मलो! काय माझा थाट! दुप्पट सिमेंट, चाळून घेतलेली रेती, निवडून घेतलेली गिट्टी. डोमाजींनी मला असं प्रेमाने ठोकून बसवलं जसं पाहुण्याच्या ताटात बासुंदी वाढावी. मनापासून सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा फार गर्व वाटला.

दुसऱ्या दिवशी साचे उघडले. डोमाजींनी थोरल्या तिघांना उचललं, नालीपर्यंत गेले आणि परत आले. तीस वर्षांत त्यांनी आपल्या हाताने ओतलेली वस्तू कधी फेकली नव्हती. साइटवर पाण्याची टाकी नव्हतीच, क्यूब त्यांच्याच अंगणातल्या ड्रममध्ये राहायचे. त्यांनी आम्हा सहांनाही त्याच ड्रममध्ये सोडलं.

त्यांची बायको लताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "तीन आणतो म्हणाले होते ना? सहा काहून?"

डोमाजींनी आधी टाळलं. मग चहा पिता पिता सगळं सांगितलं. लताबाईंनी कप खाली ठेवला.

"म्हणजे कागदावर एक रोड अन् दारात दुसरा?"

"भैया म्हणते, फेल झालं तर पैसा परत जाईल. मार्च येऊन राहिला. एकदा परत गेला तर पुन्हा अकरा वर्षं. खराब का होईना, रोड तर झाला."

ती भीती लताबाईंनाही होती. आणि दुसरी भीती दोघांनीही तोंडावर आणली नाही. भैयाचं काम सुटलं तर या वयात नवं काम कोण देणार?

ड्रमात माझी मात्र मजा चालली होती. मी थोरल्याला चिडवायचो. "तू तर चिमटीत भुगा होशील! माझ्याखाली मशीन दमेल, मशीन!" पाण्यात त्याच्या अंगावरून बारीक रेती सुटायची आणि तळाशी बसायची.

तिसऱ्या आठवड्यात रस्ता चालायला मोकळा झाला. अंजनीबाई नावाची शेजारीण पहिल्यांदा घराच्या दारात ऑटोतून उतरली, तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवल्या! बळीरामजींनी पेढे वाटले. सगळे खूश, फक्त लताबाईंचा झाडू खूश नव्हता.

लताबाई रोज सकाळी दारापुढचं झाडायच्या. रोज सुपडीत पांढरी भुकटी यायची. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, काम नवं आहे, धूळ असेल. दुसऱ्या दिवशी तेवढीच, तिसऱ्या दिवशी जास्त. आठव्या दिवशी त्यांनी सुपडी उचलून सरळ डोमाजींच्या पुढ्यात ठेवली.

"हे पाहा. मी रोज एक सुपडी रोड झाडून राहिली. दिवाळीपर्यंत पूर्ण रोड कचरागाडीत जाईल."

डोमाजींनी भुकटी बोटांत चोळली. तीस वर्षांचा मिस्त्री तो, त्याला काय कळायचं राहिलं? त्यांनी मान वर केली नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं.

आणि उजाडला अठ्ठाविसावा दिवस! माझी परीक्षा! डोमाजींनी आम्हाला ड्रममधून काढून पुसलं. तीन न्यायचे होते. त्यांनी तीन ऑटोत ठेवले, थांबले, मग उरलेले तीनही ठेवले. लताबाई दारातून बघत होत्या. "तुम्हाला पटन तसं करा," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत एकता रजिस्टर उघडून तयार होती आणि शैलेंद्र भैया चहा पीत बसला होता. समोर ती मशीन! हिरवी, उंच, छातीवर मोठी गोल तबकडी, तबकडीत लाल काटा. काटा साडेचारशेच्या पुढे गेला तर पास. मी मनात म्हणालो, साडेचारशे? मी नऊशे देतो, नऊशे! मला उचला!

डोमाजींनी दोन-दोन करत सहाही क्यूब टेबलावर आणून ठेवले. सहांवर तीच तारीख, तोच नंबर.

शैलेंद्र भैयाचा कप तोंडाशीच थांबला. "छह काहे ले आए?"

डोमाजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "दीदी, एक विचारतो. क्यूब फेल झाले तर आमच्या गल्लीचा पैसा परत जाते का?"

"नाही काका," एकता म्हणाली. "वर्क ऑर्डर निघाली आहे ना. रोड तोडून ठेकेदारालाच परत बनवावा लागतो, आपल्या खर्चाने. त्याची अमानत, म्हणजे डिपॉझिट, निगमकडे जमा आहे. कोण म्हणालं पैसा परत जातो?"

एवढीशी गोष्ट! दोन वाक्यांची! पण गल्लीतल्या एकालाही ती ठाऊक नव्हती. पान सत्तेचाळीस सगळ्यांनी जपून ठेवलं, पण पुढचे कागद कोणी मागितलेच नव्हते. आणि त्यांच्या त्या न माहीत असण्यावर भैयाचा सगळा धंदा चालला होता.

डोमाजींनी एक मोठा श्वास घेतला. त्यांचा हात टेबलावर आला. माझ्याकडेच येत होता! मी अगदी ताठ झालो. हात माझ्यावरून पुढे गेला आणि थोरल्यावर टेकला.

"हे तीन तुमचे. ते तीन मीच मागून भरले. डबल सिमेंट घालून."

"झूठ बोल रहा है!" शैलेंद्र भैया ओरडला. "पगला गया है क्या?"

एकताने आवाज चढवला नाही. "ठीक है भैया. मग आत्ताच गल्लीत जाऊन रोडला ड्रिल मारू आणि तुकडा काढू. कोणते क्यूब खरे, ते रोडच सांगेल. चलो, गाडी बाहेरच उभी आहे."

भैया उठला नाही.

मग थोरला मशिनीत गेला. काटा हलला. शंभर... दोनशे... माझा जीव टांगणीला लागला. ज्याला महिनाभर चिडवलं, त्याच्यासाठी मी आतून ओरडत होतो, टिकून राहा रे! पण तो टिकला असता तर गल्ली बुडाली असती, हेही मला त्याच क्षणी कळलं. दोनशे चाळीस. कडाड! कोपरे निखळले आणि तो उभा चिरला. दुसरा दोनशे पंचावन्नला गेला, तिसरा दोनशे तीसला. एकताने रजिस्टरमध्ये आकडे लिहिले आणि खाली लाल पेनने एकच शब्द लिहिला. तिघेही नापास झाले होते, आणि मला वाटलं, गल्लीसाठी यांच्याएवढं कोणी केलं नाही.

"आणि हे तीन?" मशिनीवरच्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्यांचं काय काम?" एकता म्हणाली. "ते कुठल्याच रस्त्याचे नाहीत."

ते वाक्य मला लागलं, अजूनही लागतं. एवढा जोर अंगात, आणि मी कुठल्याच रस्त्याचा नाही!

पुढचं सगळं धडाक्यात झालं. निगमची नोटीस निघाली. ब्रेकर मशीन आली, आठ दिवस गल्ली दणाणत होती. रस्ता पुन्हा ओतला तेव्हा अख्खी गल्ली मिक्सरभोवती उभी! अंजनीबाई मोठ्याने पोती मोजायच्या, "पाच! सहा! सात! आता चालवा!" बळीरामजी खुर्ची टाकून सकाळपासून बसलेले. साचे भरताना एकता होतीच, पण लताबाईसुद्धा कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. नव्या क्यूबनी पाचशे वीस दिले. त्या दिवशी गल्लीत ढोल वाजला, खोटं नाही सांगत!

फक्त डोमाजी त्या रस्त्यावर मिस्त्री नव्हते. भैयाने त्यांना परीक्षेच्याच दिवशी काढलं होतं. दोन महिने ते रोज सकाळी डबा घेऊन काम मिळेल म्हणून चौकात उभे राहायचे आणि बहुतेक वेळा डबा तसाच परत यायचा. लताबाईंनी एका शब्दाने बोल लावला नाही, पण घरात भाजी पातळ होत गेली. डोमाजींनी मला प्रयोगशाळेतून परत आणून दाराशी ठेवलं होतं, तिथे बसून मी ते पाहिलं.

मग एके दिवशी शहरातल्याच चेरीताल मोहल्ल्यातून माधवी नावाच्या एक बाई विचारत विचारत आल्या. "मिस्त्री काका, सोमवारपासून आमच्या गल्लीत काम सुरू होऊन राहिलं. आम्हाला काही समजत नाही. तुम्ही येऊन उभे राहाल? आम्ही सगळे मिळून तुमचा रोज देऊ." डोमाजींनी तिथल्या तिथे चपला घातल्या! नंतर दीक्षितपुऱ्यातून बोलावणं आलं, मग आणखी दोन ठिकाणांहून. भैया देत होता तेवढा रोज अजून पडत नाही, पण डबा आता परत येत नाही.

आणि मी? मी त्यांच्यासोबत असतो! कापडी पिशवीत, आठ किलोचं ओझं, पण ते मला घरी ठेवत नाहीत. नव्या गल्लीत पोचलं की मला पायरीवर ठेवतात, आणि बायका-माणसं भोवती जमतात. आज दीक्षितपुऱ्यात आलो आहोत. गर्दी बरीच आहे, मला तर उत्साहाने फुटायला होतंय. म्हणून तुम्हालाही सांगतो, तुमच्या दारावरून रस्ता ओतला जाईल तेव्हा घरात बसू नका. बाहेर या. क्यूब कुठल्या मालातून भरतात ते बघा, वर्क ऑर्डर मागा, विचारायला लाजू नका.

चला, निरोप घेतो. डोमाजी बोलायला उभे राहिले. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आहे. दर ठिकाणी ते सुरुवात याच वाक्याने करतात.

"हा क्यूब खोटा हाये. हा मीच बनवला होता."