सुकदरीतला झरा

मेडशीच्या डोंगरातली सुकदरी मी शहरी पाहुण्यांना हजारदा तरी दाखवली असेल. बरं, शंभरदा. श्रावणात कड्यावरून पाणी कोसळतं तेव्हा सांगायचो, वरून पडलेली म्हैस खाली पोचेपर्यंत तिच्या दुधाचं ताक झालं. हिवाळ्यात गवत पिवळं पडलं की सांगायचो, दसऱ्याला इथून बायकोला हाक मारली, तिची ओ संक्रांतीला आली. फाल्गुनात पळस फुलला की माकडं त्यावर हात शेकतात, असं.

तांड्यावरचा हेमसिंग सोबत असायचा. सत्तरी गाठलेला, काठीसारखा सरळ. माझी थाप संपली की तो मागून म्हणायचा, "खोटं हाये." पाहुणे त्यालाच जास्त हसायचे.

त्या फाल्गुनात अकोल्याची चौघं आली होती. त्यातल्या वैजयंतीनं विचारलं, "काका, मे महिन्यात आलो तर पाणी मिळेल?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण जीभ रंगात आलेली. म्हटलं, "टोकाला बारमाही झरा हाये. असा थंड, की पिणाऱ्याचे दात दोन दिवस वाजतात."

मागून आवाज आला नाही. चौघं गेल्यावर हेमसिंग म्हणाला, "वाघाचं खोटं बोला शेषराव, भुताचं बोला. वाटसराले पाण्याचं खोटं नाही सांगत कोणी."

"मे महिन्यात कोण येते मराले, भाऊ?"

आली. मला न कळवता, एका रविवारी. मी वाशिमला लग्नात मठ्ठा पीत होतो. दरीच्या तोंडाशी, तांड्याजवळ, फाल्गुनातल्याच दोन मोटारसायकली उभ्या पाहून हेमसिंगला सगळं उमगलं. त्यानं पाण्याच्या दोन कॅन कावडीला अडकवल्या आणि भर उन्हात त्यांच्या मागं गेला.

चौघं तिसऱ्या प्रहरी परतली. म्हणाली, बाबा सावलीत बसलेत, ऊन उतरलं की येतील. त्याचा पुतण्या प्रेमसिंग धावत गेला आणि त्याला पाठीवर घेऊन आला. अंगात ऊन शिरलं होतं. तांडा दिसायच्या आत हेमसिंगचा जीव गेला. दोन्ही कॅन कोरड्या होत्या.

तिसऱ्या दिवशी चौघं भेटायला आली. मीही तिथं मान खाली घालून बसलो होतो. वैजयंती रडत म्हणाली, "काका, तुमचा झरा आम्हाला सापडला नाही. पण बाबांनी त्याचंच पाणी आणलं होतं. आम्ही म्हटलं, तुम्ही घ्या. तर म्हणाले, मी झऱ्यावरच पोटभर पिऊन आलो."

मी हेमसिंगच्या रुपाबाईकडं पाहिलं. ती भिंतीकडं पाहत होती. चौघं उठून गेली तेव्हा ती बोलली.

"दोन्ही कॅन म्या हापशीवर भरून देल्ल्या. जन्मात एकदा खोटं बोलला तो. तुमची लाज राखाले."

"वयनी..."

"मले काहून सांगता? त्याईले सांगा."

मी अनवाणी धावलो. मोटारसायकलीपुढं उभा राहून म्हणालो, "झरा नाही. कधीच नव्हता. मी थाप मारली."

वैजयंतीनं माझा हात धरला. "काका, स्वतःला दोष देऊ नका. पाणी आम्ही प्यायलोय."

त्यांनी प्रेमानं मोबाइलच्या नकाशात नाव टाकलं, हेमसिंग झरा. आता भर उन्हाळ्यात जास्तच लोक येतात, एकेक बाटली घेऊन. मी सकाळपासून दरीच्या तोंडाशी असतो. पाणी नाही म्हणतो. तांड्याची माणसंही म्हणतात. लोक हसतात, "काका, तुमच्या गमती ऐकल्यात आम्ही," आणि मोबाइल पुढं करतात. त्यात निळा ठिपका असतो.

मग मी वाटेत आडवा पडतो. पडलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून जायला माणूस बिचकतो. आजवर तरी कोणी गेलं नाही.