सगळ्यांची ताटं रिकामी होईपर्यंत

मी नळदुरुस्तीची कामं करते. चार वर्षांपूर्वी एका जुन्या टाकीतला गाळ काढायला आत उतरले आणि वर आले ती या दुसऱ्याच जगात. परतीची वाट शोधायला सवडच मिळाली नाही, कारण पहिल्याच आठवड्यात दोन अनाथ पोरी पदरात पडल्या. थोरली घाबरली, किंवा भांडी घासायची वेळ झाली, की दिसेनाशी होते, अगदी खरोखर. धाकटी आग ओकते. तिला मी ठिणगी म्हणते. नळ इथेही गळतात, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती.

चिंता होती तपासनिसाची. इथला कायदा असा, की सहा वर्षांच्या पुढच्या आगवाल्या मुलानं दरवर्षी एक जेवण तपासनिसासमोर आग न सोडता पार पाडायचं. जेवायला बसलेल्या प्रत्येकाचं ताट रिकामं होईपर्यंत. जमलं तर मूल घरी, नाहीतर डोंगरावरच्या वसतिगृहात. तिथे आयांना भेटूही देत नाहीत. ठिणगीला यंदाच सहावं सरलं होतं, आणि माझी पोर तिथे जाणार नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

मला जे येतं तेच मी तिला शिकवलं. "पोटात नळ आहे असं समज. तो घट्ट पिळायचा. एक थेंबसुद्धा बाहेर नाही." महिनाभरात पडदे दोनदा जळाले, माझी डावी भुवई एकदा. पण पोर मागे हटली नाही. रक्ताचं नातं नसलं तरी हट्टीपणा माझाच उचललाय.

तपासनीस भर दुपारी आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, काखेत नियमांचं जाडजूड पुस्तक. मी उकडलेले कंद आणि पाव वाढले. इथली मोठी माणसं प्रत्येक घास चाळीस वेळा चावतात. आमची ताटं साफ झाली तेव्हा याच्या ताटात तीन कंद आणि अर्धा पाव तसाच होता.

ठिणगीचे कान लाल झाले, मग मान. पोट फुगून फ्रॉकची शिवण ताणली गेली. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. नळ बंद करायला शिकवलं, पण साठलेला दाब जाणार कुठे? वाफेला वाट न ठेवता बंब बसवणाऱ्या कारागिराला मी दारात उभं करत नाही, आणि तीच चूक पोटच्या पोरीसारख्या पोरीवर केली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"सोड बाळा, राहू दे," मी म्हणाले.

तिनं नकारार्थी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी गालावर येताच वाफ होऊन उडत होतं.

"साहेब, जरा लवकर आटपता का?"

त्यानं घास पूर्ण चावला, गिळला, मग म्हणाला, "घाई करता येत नाही, बाई."

मी उठले. त्याचं ताट ओढलं आणि उभ्या उभ्या तीनही कंद तोंडात कोंबले, वर पाव. आईचा जन्म उरलंसुरलं संपवण्यातच जातो. मला एक ताट काय जड? चावण्याचं तर नावच नको.

"झाली ताटं रिकामी! ठिणगे, हौदाकडे पळ!"

ती अंगणात धावली. भला मोठा लोळ उठला आणि हौदातलं पाणी खदखदायला लागलं. मग तिनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की मला रडू फुटलं.

तपासनिसानं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. दुसऱ्याचं ताट संपवू नये असं कुठेच लिहिलं नव्हतं. या जगात ते कधी कोणी केलंच नव्हतं.

"ताट रिकामं होतं आणि आग नंतर आली. मी बघितलंय," रिकाम्या खुर्चीतून थोरलीचा आवाज आला. तपासनीस दचकला आणि त्यानं शिक्का मारला.

दारात तो थांबला. "पुढच्या वर्षी हिची आग दुप्पट होईल. आणि आम्ही तिघं जेवायला येऊ."

मी ठिणगीला कडेवर घेतलं. अजून चटका बसत होता, तरी सोडलं नाही.

"या की," मी म्हटलं. "मी आदल्या दिवसापासून उपाशी राहते."