घरी नेलेला पाव

पत्र्याचा आहे मी, पाव भाजायचा साचा. भट्टीत माझ्यासारखे पुष्कळ होते, पण ते मोठे आणि एका पट्टीला जोडलेले. मी एकटा, आखूड. मालकाने मला मुद्दाम करून घेतलं होतं. "दुकानासाठी नको, घरासाठी हवाय," असं तो पत्र्याचं काम करणाऱ्याला लाजत लाजत म्हणाला होता. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

मालक बेकरीवाला. सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची. विक्रीचे पाव निघाले की शेवटच्या खेपेला तो मला भट्टीत सरकवायचा. पाव फुगून वर आला की मला जाड फडक्यात गुंडाळायचा आणि तसाच गरमागरम घरी न्यायचा.

घरी खिडकीपाशी त्याच्या बायकोचं शिवणाचं मशीन असे. शर्टाची काजं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो आला की ती उठायची, पावाचं टोक तोडायची, वर लोणी आणि मध फासायची. तो समोर बसून नुसता बघायचा. दिवसभर पिठात वावरलेल्या माणसाला पावाची कसली भूक? ती "छान झालाय हो" म्हणाली की त्याचा शीण उतरायचा.

माणसांची ही सवय मी जवळून पाहिली आहे. जीव लावलाय हे तोंडाने सांगायला ती लाजतात, मग ताटात वाढत सुटतात.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन समोरच्याच इमारतीत राहायला गेली. इकडे बायकोला हल्ली सारखी तहान लागायची. तळपायांना मुंग्या यायच्या. टोक तोडण्याआधी तिचा हात जरासा थबकायचा, ते मला कळायचं. एखाद्या दिवशी तिने कमी खाल्लं, तर त्याचा चेहरा लगेच उतरायचा.

"का गं, आज जमला नाही का?"

"जमलाय की!" म्हणत ती आणखी एक तुकडा घ्यायची.

मग एका संध्याकाळी तिला सुईत दोरा ओवता येईना. उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले. बेकरीतून घरी येताच तो तिला तसाच दवाखान्यात घेऊन गेला. मी त्याच्या पिशवीत होतो, पाव अजून गरम होता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि चष्मा काढून ठेवला. "साखर फार वाढलीय. डोळ्याच्या आत रक्त उतरलंय. पाव, बटाटे, गोड कमी करा, असं मी तुम्हाला मागेच बजावलं होतं ना बाई? दोन वर्षं होत आली त्याला."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती रुमालाचं टोक पिळत बसली होती.

घरी येऊन त्याने दार लावलं. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? फडकं सोडताना तुमचा चेहरा कसा असतो, कधी बघितलाय? म्हटलं, गोळ्या घेतेय ना, भागेल."

"म्हणजे रोज मीच..." त्याने पिशवी कोपऱ्यात ठेवून दिली. त्या दिवशीचा पाव माझ्यातच निवून दगड झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने घरातलं पीठ, साखर, जॅम, बिस्किटं, बटाटे, सगळं शेजाऱ्यांना देऊन टाकलं. अंडी, मासे, दही, पालेभाज्या आणल्या. तिचं डोकं दुखायला लागलं, चिडचिड वाढली. "हा पालाच चघळत बसायचा का आता जन्मभर?" असं म्हणत ती ताट सरकवायची. तो मात्र हट्टाला पेटला होता.

आणि एका दुपारी ती खुर्चीवरून उठताना घामाने डबडबली, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. त्याने खिडकीतून हाक मारली. मुलगी धावत आली, परत जाऊन आपल्या घरची साखर आणली, आईला साखरपाणी पाजलं, म्हणून निभावलं.

डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. "पाव एकदम बंद, आणि गोळ्या मात्र पूर्वीइतक्याच? साखर पार खाली गेली त्यांची! जेवण बदललं की औषधाचं मापही बदलावं लागतं. आधी मला विचारायचं!"

बाहेर आल्यावर तो मुलीला म्हणाला, "आधी न विचारता खाऊ घातलं, आता न विचारता तोडलं. तिला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही गं."

"बाबा, आता विचारा की," ती एवढंच म्हणाली.

मग त्याने विचारलं. गोळ्या कमी झाल्या, पावही बेताबेताने सुटला. कोबी लोण्यावर परतलेला तिला आवडतो, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. एकदा त्याने फेटलेली अंडी, पालक, चीज असं माझ्यात घालून भाजलं. ते बसलं, चिकटलं, चमच्याने खरवडावं लागलं. "जन्मभर पाव फुगवणारा माणूस अंड्यापुढे हरला!" म्हणत ती पोट धरून हसली. तोही हसला.

साखर आटोक्यात आली. डावा डोळा वाचला. उजव्याचं मात्र, "गेलं ते परत यायचं नाही, उरलेलं जपा," असंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मशीन मुलीकडे गेलं. खिडकीपाशी आता नुसती खुर्ची आहे.

मीही आता घरीच असतो. कोपऱ्यांना गंज धरलाय, पालकाचा वास अंगात मुरलाय. भट्टीची ऊब आठवते, पण तिकडे जावंसं वाटत नाही. ज्याने तिला बाधा झाली, ते माझ्याच पोटात फुगत होतं, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. वाढताना समोरच्याला विचारा, आणि तुमच्या ताटात नको ते पडत असेल तर सांगा. राग येईल कोणाला, येऊ द्या.

मामा अजून बेकरी चालवतो. संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी येतो. दारातच ती त्याची बाही धरते आणि नाकाशी नेते.

"आज तिळाचा पाव होता का?"

"हो."

ती बाही सोडत नाही. तो पायातले बूटही न काढता उभा राहतो.

"झालं का गं?"

"थांबा हो जरा," ती म्हणते.