जिल्हा ठाणे, एम. एस.

आमच्या आप्पांना पत्ता लिहिण्याची भारी घमेंड. सासऱ्यांबद्दल सुनेने असं बोलू नये, पण जे आहे ते आहे. आमच्या मोहने गावातल्या कंपनीत ते डिस्पॅचला होते, धाग्याच्या पेट्यांवर ब्रशने पत्ते घालायचे. कंपनी बंद पडली तरी हात बंद पडला नाही. चाळीत कुणाच्या लग्नपत्रिका आल्या की पाकिटं आमच्याच घरी, आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटी आप्पांचं ठरलेलं: जि. ठाणे, एम. एस.

एम. एस. म्हणजे महाराष्ट्र स्टेट. मी एकदा म्हटलं, "आप्पा, आता कोण लिहितं हे? पिनकोड पुरतो की." तर त्यांनी चष्मा काढला. आप्पांनी चष्मा काढला म्हणजे भाषण आलंच.

"माझ्या बापाच्या कार्डावर बॉम्बे स्टेट असायचं. एम. एस. आपल्याला भांडून मिळालंय, नीरजा. फुकट नाही."

मी पाकिटं चिकटवायला घेतली. भांडून मिळालेल्या गोष्टीवरून पुन्हा भांडण कशाला?

त्या सुमारास आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, आणि माझी नणंद मेघना हिचं बोलणं बंद होऊन दोन वर्षं झालेली. मेघना कॅनडाला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि एका पंजाबी मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी फोन केला तो लग्न झाल्यावर. मुलगा पंजाबी असल्याचं आईंना काही नव्हतं. त्यांना लागलं ते साडीचं. आम्हा बौद्धांमध्ये नवरी पांढरी साडी नेसते. आईंनी आपल्या लग्नातली सुती साडी, बारीक निळ्या काठाची, मेघनासाठी जपून ठेवलेली. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवायच्या आणि घडी मोडून वेगळी घालायच्या, कापड घडीवर विरू नये म्हणून. "माझी पोर ह्याच साडीत उभी राहील," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. आणि पोर तिकडे कोर्टात जीन्स घालून उभी राहिली. तो फोटो पाहून आईंनी फोन माझ्या नवऱ्याच्या, रवींद्रच्या हातात दिला आणि पुन्हा मेघनासाठी म्हणून कधी हातात घेतला नाही.

पुढे मेघनाला दिवस गेल्याचं रवींद्रने सांगितलं. तेव्हा आई उठून चहा ठेवायला गेल्या. संध्याकाळी मी कामावरून आले तर कपाट सताड उघडं, आई जमिनीवर बसलेल्या आणि कात्री त्या पांढऱ्या साडीतून चाललेली.

"आई, हे काय करताय?"

"झबली शिवते. बाळाला पहिलं कापड जुनं लागतं. नवं टोचतं." थोडं थांबून म्हणाल्या, "तिने नाही नेसली. तिच्या लेकराच्या अंगाला तरी लागू दे."

मी रडणारी बाई नाही. त्या दिवशी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

झबली झाली, टोपडी झाली, उरलेल्या काठाकडच्या कापडाची दुपटी झाली. मेघनाला आधी काही सांगायचं नाही, डबा उघडल्यावरच कळू दे, असं आईंनी बजावलं. आप्पांनी पुठ्ठ्याच्या डब्याला मांजरपाट चढवला आणि आईंनी तो चारही बाजूंनी पक्क्या दोऱ्याने शिवला. मग आप्पा शाई घेऊन बसले. रवींद्रने मोबाईलवर मेघनाचा पत्ता काढून दिला. घर नंबर, मेपल स्ट्रीट, पुढे लंडन, पुढे इंग्रजी ओ आणि एन, आणि शेवटी अक्षरं-आकडे मिसळलेलं काहीतरी.

"लंडन?" आप्पा म्हणाले. "लंडन तर इंग्लंडात."

"कॅनडात पण आहे एक, आप्पा."

"असेल रे. पण ते कुरिअरवाल्याला ठाऊक आहे का? लंडन दिसलं की डबा इंग्लंडला जाणार. ते काढ. आणि हे ऑन काय? लंडन ऑन? काय ऑन, पंखा?"

"ऑन्टॅरियो. तिकडचं राज्य आहे ते."

"मग सरळ ऑन्टॅरियो लिहावं ना माणसाने. आणि पिनकोडात कधी ए-बी-सी-डी असते होय? पोरीच्या बोटाने चुकून दाबलं गेलंय."

रवींद्र टॉवेल घेऊन अंघोळीला गेला. बापाशी वाद घालण्यापेक्षा अंघोळ बरी, हे त्याचं जुनं धोरण. आप्पांनी मग आपल्या मनासारखं लिहिलं: मेपल स्ट्रीट, ऑन्टॅरियो, सी. ए. महाराष्ट्राचं जसं एम. एस., तसं कॅनडाचं सी. ए. खाली पाठवणाऱ्याच्या जागी सौ. शीला सहदेव म्हणून आईंचं नाव, आमची चाळ, मोहने, ता. कल्याण, जि. ठाणे, एम. एस. अक्षरं अशी की काचेत लावून ठेवावीत. भारत लिहायचं त्यांना सुचलंच नाही. मोहने भारतात नाही तर कुठे असणार?

माझं ऑफिस डोंबिवलीला मानपाड्यात. तिथल्या कुरिअरच्या दुकानात मी डबा दिला. दुकानातल्या सुमितने कॉम्प्युटरवर पत्ता टाकला आणि म्हणाला, "ऑन्टॅरियो, सीए. आला बघा मॅडम, पिनकोड सिस्टीमनेच उचलला. अमेरिका-कॅनडा एकच रेट आहे आपला." मला बरं वाटलं. कॉम्प्युटरने ओळखला म्हणजे आप्पांचा पत्ता बरोबरच असणार.

मग रोज मी घरात पाऊल टाकलं की आई विचारायच्या, "कुठवर गेली गं माझी झबली?" मी मोबाईल काढून वाचून दाखवायची. विमानात बसली, उतरली, तपासणी झाली. एका संध्याकाळी नाव आलं: ऑन्टॅरियो, सीए. आप्पांनी मांडीवर थाप मारली. आईंनी त्या दिवशी शेवयांची खीर केली, निमित्त काय ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आलं, घेणाऱ्याने पार्सल नाकारलं, परत पाठवत आहोत.

मी ते वाचलं आणि मोबाईल पर्समध्ये टाकला, पण आईंपासून काय लपतंय?

"नाकारलं म्हणजे? पोचलं ना ऑन्टॅरियोला?"

"पोचलं, आई."

"मग तिने घेतलं नाही." त्यांनी गॅस बंद केला. मग आम्हा तिघांकडे वळून म्हणाल्या, "तिला कुणी विचारायचं नाही. माझी आण आहे तुम्हाला. माझी साडी मी पदर पसरून द्यायची नाही."

मला मेघनाचा असा राग आला की काय सांगू! तिला मुलगी झाली, तिने फोटो पाठवले, मी नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी झाले. "वहिनी, आई बघते का गं फोटो?" असं तिने विचारलं तर मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी आमच्या घरात रोज चाललेली आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

आईंनी पुढे अंथरूण धरलं. आधीच हृदय कमजोर, त्यात पाण्याची सूज चढली. कल्याणच्या हॉस्पिटलात ठेवलं. मला वाटलं, आता तरी मेघनाचं नाव काढतील. त्यांनी डब्याचं काढलं.

"आला का गं परत?"

"येईल, आई. पण आता तो कशाला हवाय तुम्हाला?"

"शिवण बघायचीय." धाप लागत होती, तरी त्या बोलत राहिल्या. "मी दुहेरी टाका घातलाय. तो उसवलेला असला, तर तिने उघडलं, साडी ओळखली आणि परत केली. पण टाका तसाच असला, तर आत काय आहे ते तिला कळलंच नाही. रागात नुसता डबा परत केला. ते मी सोसेन. राग तर मीही धरला होता."

मी लगेच मोबाईल बघितला. कितीतरी दिवस तिथे एकच ओळ पडून होती: जॅक्सन, एमएस. आप्पांना वाचून दाखवली तर त्यांचा चेहराच बदलला.

"एम. एस.! अगं, म्हणजे डबा महाराष्ट्रात आलाय! आणि आपण इथे बसलोय!"

"पण जॅक्सन काय, आप्पा?"

"गोदामाचं नाव असेल. पार्टी असेल कुणी जॅक्सन म्हणून."

मी सुमितला फोन लावला. त्यालाही ते पटलं. "मॅडम, सगळा माल भिवंडीला पडतो. जॅक्सन लॉजिस्टिक वगैरे असेल काहीतरी, तिथे विचारा."

आप्पा भिवंडीला गेले. पंच्याहत्तरीचा माणूस, हातात पावती, गोदामागोदामातून विचारत फिरला, "जॅक्सन कुठे आहे?" वॉचमन लोकांनी हाकललं, एकाने चहा पाजला. एकदा गेले, दोनदा गेले, मग ठाण्याला मोठ्या ऑफिसात जाऊन आले. दर वेळी हॉस्पिटलात येऊन आईंना सांगायचे, "जवळच आहे. एम. एस.मध्ये आलाय. उद्या मिळेल." आई मान हलवायच्या. आपल्या राज्यात आलेली वस्तू सापडेल, यावर त्यांचा विश्वास होता.

शेवटच्या दिवशी रवींद्रने न राहवून व्हिडिओ कॉल लावला. मेघना तिकडे बाळाला कुशीत घेऊन बसलेली, डोळे सुजलेले. "आई, बघ ना गं हिच्याकडे. आई, अजून राग आहे का माझ्यावर?" बाळाच्या अंगात कसलासा अस्वलाचं चित्र असलेला दुकानातला कपडा होता. आईंनी तो पाहिला. मग हळूच तोंड भिंतीकडे केलं. मेघना तिकडून "आई, आई" म्हणत राहिली आणि शेवटी मीच फोन बंद केला. त्या रात्री आई गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि बऱ्याच दिवसांनी कुरिअरचा मुलगा एक मळकं गाठोडं घेऊन दारात आला. डबा. कोपरे दबलेले, मांजरपाट काळपट, वर चिकटपट्ट्या, शिक्के आणि कुणीतरी पेनने खरडलेलं ‘इंडिया’. मी आधी शिवण बघितली. आईंचा दुहेरी टाका, चारही बाजूंनी जसाच्या तसा. एक दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

मग मी शिक्के वाचायला घेतले. एकावर पूर्ण लिहिलं होतं: ऑन्टॅरियो, कॅलिफोर्निया. दुसऱ्यावर जॅक्सन, मिसिसिपी. आण आईंबरोबर गेली, म्हटलं, आणि मेघनाला फोन लावला.

"मेघना, तू डबा का परत केलास?"

"कुठला डबा, वहिनी?"

मी सगळं सांगितलं. साडीचंही. मग ती बोलली ते अगदी हळू. "वहिनी, ते ऑन्टॅरियो अमेरिकेतलं गाव आहे. कॅलिफोर्नियातलं. सीए म्हणजे कॅलिफोर्निया. तिथल्या कुणीतरी, आपलं नाही म्हणून, परत केलं असेल. मी तर..." आई रागात गेली एवढंच तिला ठाऊक होतं. आई कशाचा राग धरून गेली, ते आता कळलं.

आप्पा दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. मी घाईघाईने म्हटलं, "कुरिअरवाल्यांचा घोळ आहे हो आप्पा, मेले काही वाचत नाहीत."

त्यांनी डबा हातात घेतला, चष्मा लावून आपलीच अक्षरं वाचली, मग शिक्का वाचला. "हे एम. एस. म्हणजे?"

"मिसिसिपी. अमेरिकेतलं राज्य आहे, तिकडे एम. एस. म्हणजे ते."

"आणि मी भिवंडीत शोधत होतो." ते खाटेवर बसले. खालच्या ओळीवरून, भारत न लिहिलेल्या त्या एम. एस.वरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा, जणू शाई अजून ओली आहे आणि पुसता येईल. डबा उघडू या का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. फोन अजून चालू होता आणि त्यातून मेघना म्हणत होती, "आप्पा, पाठवू नका आता कुठे. मी येते. मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

"ये," आप्पा म्हणाले. फोन बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा घमेंडी माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झालेला.

"नीरजा, टाका तसाच आहे गं. मेघनाला कळलं. आता शीलाला कोण सांगणार?"

मी डबा उचलला आणि कपाटात, जिथे आई ती पांढरी साडी ठेवायच्या, त्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवला.