दोह्याच्या पुढे

काशीरामचं बोट लागलं आणि मोबाइलवरचं विमान सरकून नकाशाबाहेर गेलं. त्याने घाबरून हात मागे घेतला.

"काही नाही झालं, बाबा," दिपिका म्हणाली. लेकीने नकाशा पुन्हा जागेवर आणला. इवलंसं पिवळं विमान निळ्या पाण्यावर होतं. त्यात त्याची बायको, रंभा होती.

रोडपालीच्या घरातून ती सकाळीच निघाली होती. टोरांटोला मुलाच्या, निकेशच्या गाडीला अपघात झाला होता आणि तो अजून शुद्धीवर आला नव्हता. सुनेच्या बाळंतपणासाठी काढलेला व्हिसा एकट्या रंभाचाच होता. त्या वेळी निकेश स्वतः येऊन आईला घेऊन गेला होता. आता दोह्यापर्यंत साडेतीन तास, तिथे विमान बदलायचं, मग पुढे चौदा तास. सगळं मिळून तेरा हजारांहून जास्त किलोमीटर, दिपिकाने सांगितलं होतं. काशीरामने जन्मभर उरणहून मासेमारीची होडी नेली, पण एवढ्या पाण्याचा त्याला अंदाज येईना.

विमान दोह्याला उतरायच्या आतच सुनेचा, विनिताचा फोन आला. ती रडत नव्हती. निकेश गेला, एवढंच म्हणाली. मागे बाळ किरकिरत होतं.

दिपिका भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "आईला दोह्यातच सांगू या. तिथून परत तरी येईल."

"एकटी? परक्या मानसांत?" काशीराम म्हणाला. "आन् विनिताजवळ कोन हाय?"

"मग काय सांगणार तिला?"

"तसाच हाय, असं सांगीन."

त्याने ते मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी 'हाय'पाशी जीभ अडखळली.

फोन अनोळखी नंबरवरून आला.

"मी बोलते," रंभा म्हणाली. "उतरले. एका बाईचा फोन घेतलाय. पुढचं विमान कुठं लागतं ते पन तिनंच दावलं."

"खाल्लंस काय?"

"खाल्लं थोडं." आणि ती बोलतच राहिली. खिडकीजवळची जागा मिळाली, इथे फार गारठा आहे, बॅगेतली सुकट कुणी काढून घेतली नाही.

काशीराम ऐकत होता. आता विचारील, मग विचारील, म्हणून त्याने शब्द तोंडात धरून ठेवले होते. ती विचारीना.

"रंभा," शेवटी तोच म्हणाला, "निकेश..."

"नको." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आता काय सांगू नका. मला तितवर पोचायचंय."

 दिपिका काशीरामकडे पाहत होती. त्याने मान दुसरीकडे वळवली.

"बाईंना फोन परत द्यायचाय," रंभा म्हणाली. "विनिताला सांगा, मी येते म्हनून. आन् तिला काय तरी खायला लावा. बाळ अंगावर पितं तिचं."