बनुबाईच्या नावाचा किडा

“माझं नाव? किड्याला?”

घेवडा निवडता निवडता बनुबाईचा हात थांबला. क्रांती हसत होती. शनिवारचे कॉलेजातले तास घेऊन ती सांगलीहून इस्लामपूरला, आणि तिथून मिळेल त्या गाडीनं गावी आली होती, ती हे सांगायलाच.

“तसला किडा नव्हे गं आई. समुद्रातला. तांदळाच्या कणीएवढा. दोन्ही अंगांना राठ केस असतात त्याला. जगात आजवर कुणी त्याचं वर्णन केलेलं नाही. मी केलं. मग नावही मीच ठेवायचं.”

“ठेव की. पर माझंच कशाला? उसाला कीड लागती, दाताला लागती. मेल्यावर बी किडंच पडत्यात. लोकं म्हनतील, लेकीनं आईचा किडा केला!”

शेजारची हरणाबाई घेवडा निवडायला बसली होती. ती तोंडाला पदर लावून हसली. क्रांतीला ते हसू झोंबलं.

कॉलेजच्या मुलांची सहल घेऊन वेंगुर्ल्याला गेली असताना ओहोटीला खडकावरच्या शेवाळात तिला तो सापडला होता. त्यानंतर सुट्ट्यांमागून सुट्ट्या तिनं सूक्ष्मदर्शकावर वाकून काढल्या. एकेक केस पाहिला, आकृत्या काढल्या, कुठून कुठून जुने लेख मागवून ताडून पाहिले. केसाच्या टोकाला तसा दुहेरी दात दुसऱ्या कुणालाच नव्हता. हे सगळं आईला समजावून सांगता आलं असतं. पण ती फणकाऱ्यानं म्हणाली, “बरं, नाही देत,” आणि सांगलीला परतल्या परतल्या, मद्रासच्या ज्या नियतकालिकात तिचा लेख छापून यायचा होता त्याच्या संपादकांना कळवून मोकळी झाली. आईच्या नावाऐवजी किड्याला वेंगुर्ल्याचं नाव लागलं.

दिवाळीनंतर बनुबाई गुडघे दाखवायला मिरजेला आली आणि सांगलीला लेकीकडे राहिली.

“कुठं हाय तुजा त्यो किडा?” एका सकाळी ती म्हणाली. “दाव तरी.”

क्रांतीनं तिला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं, भिंग जुळवून दिलं. बनुबाईनं एक डोळा हातानं झाकला आणि दुसरा भिंगाला लावला.

“आगं, कणसाच्या कुसळागत हायती की केस,” ती म्हणाली. “नुसती झळाळत्यात. कुनाचं वाईट करतो का गं?”

“नाही. शेवाळात राहतो, तिथलंच खातो.”

“मग असू दे माझं नाव.” तिनं डोळा भिंगावरून काढला नव्हता. “सातबाऱ्यावर तुज्या भावाचं हाय. घरपट्टीवर अजून तुज्या आबाचंच येतंया, त्यास्नी जाऊन इतकी वर्सं झाली तरी. माझं कुठं हाय? दर्यात तर दर्यात.”

नाव तर क्रांतीनं केव्हाच बदलून टाकलं होतं. आईला घरी सोडून तिनं एसटीडी बूथ गाठला आणि मद्रासला फोन लावला. संपादक सौम्यपणे म्हणाले, अंक छापून टपालात पडलाय. छापलेलं नाव मग बदलता येत नाही, शोधणाऱ्यालाही नाही, हा नियम तर ती वर्गात स्वतः शिकवत होती.

आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता बनुबाई गावी निघून गेली.

अंक आला तो घेऊन क्रांती गावी गेली. गल्लीतच दोघींनी अडवलं. “आलं व्हय गं, बनुआक्काचं नाव छापून?” आई सगळीकडे सांगत सुटली होती.

सोप्यात बसून तिनं आईला सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

“म्हंजी आता न्हाईच हुयाचं?”

“नाही. दुसरा एखादा सापडला, तर...”

“तवर मी असाया पायजे,” बनुबाई साधेपणानं म्हणाली आणि तिनं अंक मांडीवर घेतला. “ह्यात तुजं नाव कुठं हाय?”

क्रांतीनं दाखवलं. के. एल. थोरात.

“ह्यातलं तुजं कोंचं?”

“पहिलं अक्षर माझं. मधलं आबांचं. मग आडनाव.”

“बरं.”

तेवढ्यात हरणाबाई दारात आली. “आलं का गं नाव?”

क्रांती तोंड उघडणार, तोच बनुबाई म्हणाली, “न्हाई बाई. मीच नको म्हनलं हुतं की, तुज्याम्होरंच. पोरीनं ऐकलं माझं.”

हरणाबाईनं एकदा मायलेकींकडे पाहिलं. मग ती उंबऱ्यावर टेकली.

बनुबाईनं अंकावरून पदर फिरवला आणि तो मिटून क्रांतीच्या हातात दिला. “नीट ठेव. भिजवशील कुठं तरी.” मग चहा ठेवते म्हणून ती आत गेली.

आतून बराच वेळ स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला नाही.