उजव्या पायाचा मोजा

नगर कौन्सिलचं पत्र मेव्हिसबाईंनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना त्यात लबाडीचाच वास आला.

‘आम्ही आमच्या घरपोच मदतसेवेचं आधुनिकीकरण करत आहोत,’ पत्रात लिहिलं होतं. ‘तुमच्या गरजा नव्याने समजून घ्यायला मि. रिग्बी गुरुवारी साडेदहाला येतील.’

गरजा म्हणे! पलीकडच्या तिसऱ्या दारातल्या आयव्हीला अस्संच पत्र आलं होतं. आधी पत्र आलं, मग एक गोड बोलणारा माणूस आला, आणि महिन्याभरात आयव्ही वृद्धाश्रमात न् तिचे पडदे कचऱ्यात! आता तिच्या दाराला चक्क जांभळा रंग लागला होता. मेव्हिसबाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या याच घरात होत्या आणि इथून निघायचं ते आडवं होऊनच, हे त्यांचं केव्हाच ठरलेलं होतं.

बरं, संशय काही एकट्या रिग्बीचा नव्हता. लोरेनचाही होता.

लोरेन कौन्सिलची मदतनीस. रोज सकाळी साडेसातला यायची. अंघोळ, कपडे, गोळ्या आणि ते मोजे. पायांच्या सुजेवर डॉक्टरांनी दिलेले ते मोजे इतके घट्ट होते, की लोरेन गुडघ्यांवर बसून त्यांच्याशी अक्षरशः कुस्ती खेळायची. पूर्वी सगळं झालं की ती ड्रॉवरमधल्या निळ्या वहीत लिहायची, आणि तिची पाठ वळली रे वळली की मेव्हिसबाई चष्मा लावून वाचायच्या. पण नवी पद्धत आल्यापासून ती फोनवर टकटक करत बसायची. काय लिहिते, कुणाला कळवते, देवालाच ठाऊक.

“एवढं काय लिहितेस गं?” बुधवारी मेव्हिसबाईंनी विचारलंच.

“प्रेमपत्र, राणी. कौन्सिलातल्या साहेबांना तुझ्या नावाने.” लोरेन हसली. “उद्या तो रिग्बी येणार ना? थांबू का मी?”

मेव्हिसबाईंचा चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. “तुला कसं कळलं?”

“फोनवर आलं की.”

म्हणजे ही त्यांनाच सामील! “उद्या तू येऊच नकोस,” मेव्हिसबाई म्हणाल्या. “माझी भाची येणार आहे.”

“तुला भाची आहे?”

“आहे तर! नसायला काय झालं?”

गुरुवारी पहाटे पाचला त्या उठल्या. आपण ठणठणीत आहोत हे त्या माणसाला दाखवायचं, म्हणजे त्याला परतच जावं लागेल. अंघोळीऐवजी भिंत धरून नुसतं अंग पुसलं. ब्लाउजच्या बटणांत अर्धा तास गेला. डावा मोजा चढायला सव्वा तास लागला. उजवा मात्र टाचेपाशी जो अडला, तो अडलाच. शेवटी त्यांनी तो उशीखाली कोंबला आणि बहिणीच्या अंत्यविधीला शिवलेला लांब तपकिरी स्कर्ट घातला. वॉकर ढकलत परसातल्या कोळशाच्या खोलीत नेला, तिथे लपवला आणि भिंत धरून, कुंडी धरून, दार धरून परत आल्या. गुलाबाच्या फुलांची खास कपबशी काढली. दुकानातला केक वेष्टनातून काढून मुद्दाम वाकडातिकडा कापला, घरचा वाटावा म्हणून.

रिग्बी निघाला काडीसारखा किडकिडीत. पाय पुसले, परत पुसले. एवढी सभ्यता कशाला? मग खोलीच्या कोपऱ्यांकडे बघत बसला. घराचं माप घेत असणार!

“कशा आहात, मिसेस होलरॉइड?”

“तक्रार करायला जागा नाही.”

“कपडे स्वतःचे स्वतः घालता?”

“तुम्हाला कोण घालतं?”

त्याने टॅब्लेटवर टिचकी मारली. “स्वयंपाक?”

“तुमच्या हातात केक आहे ना? खा की.”

आणखी एक टिचकी. मेव्हिसबाईंनी किटली स्वतः आणली. कप बशीत किणकिणत होता, पण एक थेंब सांडला नाही. जिंकलोच आपण, त्यांना वाटलं. आतल्या आत त्या नाचत होत्या, अगदी वॉकरशिवाय!

“छान,” रिग्बी म्हणाला. “मग मदतनिसाच्या सकाळच्या भेटीची गरजच नाही. चहाच्या किटलीला एक यंत्र बसवू. नऊपर्यंत किटली तापली नाही, तर तुम्हाला फोन येईल.” मग टॅब्लेटवरच्या जुन्या नोंदी वाचताना त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण लोरेनबाईंनी तर रोज लिहिलंय, ‘अंघोळीला आधार दिला. मोजे घालायला वीस मिनिटं लागली. वॉकरशिवाय चालता येत नाही.’ कुठे आहे वॉकर?”

“कसला वॉकर?” शब्द तोंडातून निसटलेच.

“मग हे गंभीर आहे. न केलेली कामं केली म्हणून लिहिली आहेत. मला वर कळवावं लागेल. चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवतील.”

मेव्हिसबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

“आणखी काय लिहिलंय तिने?”

“‘मेव्हिस आज खडूस. म्हणजे तब्येत उत्तम.’ आणि हे बघा, हे जवळजवळ दर आठवड्याला आहे. ‘थोडी मदत मिळाली तर ती याच घरात मजेत राहील. हलवू नका.’”

फोनवर टकटक टकटक चालायची ती हीच? मेव्हिसबाईंनी रिग्बीकडे डोळे बारीक करून पाहिलं. हा सापळा तर नाही? खरं बोललं तर घर जायचं. नाही बोललं तर लोरेन जाणार.

“पोरा,” त्या म्हणाल्या, “परसात कोळशाची खोली आहे. दार जोरात ओढावं लागतं. आत जे आहे ते घेऊन ये.”

तो वॉकर घेऊन आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळे पट्टे उमटले होते. तोवर मेव्हिसबाईंनी स्कर्ट वीतभर वर घेतला होता. डाव्या पायात मोजा. उजवा पाय उघडा, फुगलेल्या पावासारखा सुजलेला.

“पाचपासून खटपट करून एवढंच जमलं. लोरेन खोटं लिहीत नाही. खोटं मी बोलले. आणि केकही दुकानातला आहे.”

“ते कळलं होतं,” रिग्बी म्हणाला. “खालचा कागद तसाच आहे.”

“मग बाकीचं का नाही कळलं? आता लिही. आणि काय लिहितोस ते मोठ्याने वाच.”

“‘सकाळची भेट आवश्यक. लोरेनबाईंच्या नोंदी खऱ्या.’”

“आणि वृद्धाश्रम?”

“तसं कुणी म्हणालेलंच नाही हो.”

“आयव्हीलाही कुणी म्हणालं नव्हतं.”

त्याने एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा लिहिलं. “‘मिसेस होलरॉइड यांना याच घरात राहायचं आहे.’ झालं?”

“नाही.” मेव्हिसबाई वॉकर धरून उठल्या, ड्रॉवरपर्यंत गेल्या आणि जुनी निळी वही काढून त्याच्यापुढे ठेवली. “त्या काचेवरचं उद्या पुसलं गेलं तर मला काय कळणार? सगळंच्या सगळं इथे पेनाने लिही. खाली सही कर.”

तो लिहीत होता तेव्हा त्या चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून एकेक शब्द वाचत होत्या.